पदरातली अळंबी

आषाढ, रविवार, सांजंला

पदरभर अळंबी सुनेनं मला रानातच फेकाय लावली. शाहूवाडीच्या रानात माझा जन्म गेला, आणि ही शहरातली मला शिकवणार?

पण बरोबर तिचंच. वारुळावरच्या अळंबीचा देठ खाली मुळागत खोल जातोय, तीच खायची. माझी कंबर वाकंना, म्हणून मी नुसत्या छत्र्या खुडत सुटले. तिनं गुडघ्यावर बसून एकेक देठ उकरला. कडंच्या दोन देठांना मूळच न्हवतं, म्हंजे ती इखारी असायची.

"आत्ती, ह्यांच्या छत्र्या पदरातल्या कुठल्या?"

पदरात तर सगळ्या छत्र्या सारख्याच दिसाय लागल्या. आणि घरात नातवंडं भाजीची वाट बघत बसलेली. देठ बघायचं मी विसरलेच कशी?

पोरगी तिखट नजरंची हाय. उद्या माझी जाऊ विचारंल, रिकाम्या हातानं का आलासा? उत्तर सुनेनंच द्यायचं, आणि माझी चूक गाळायची न्हाय.