रिपोर्टातलं टिंब

मोर्शी, मंगळवार, संध्याकाळ

बाबांचे रक्ताचे रिपोर्ट अकोल्याच्या डॉक्टरांना मेल करायचे होते. फाईल जड होती, मेल जाईचना, म्हणून मीच ती एका वेबसाइटवर टाकून होईल तेवढी बारीक केली. गेली एकदाची, म्हणून खूश होते.

थोड्या वेळानं डॉक्टरांचा फोन. क्रिएटिनिन चौदा दिसतंय, किडन्या काम करत नाहीत, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

चौदा? बाबा तर समोर बसून संत्रं सोलत होते. मी सांगितलं तर एवढंच म्हणाले, "काहून रडून राहिली बाई? चाल, निंगू." उठले आणि आजवर कुणाला न दिलेली कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

गाडीत बसता बसता मूळ कागद उघडला. एक पॉइंट चार. मधलं टिंब फाईल बारीक करताना पुसलं गेलं होतं. एवढंसं टिंब. डॉक्टरांना कळवलं तर म्हणाले, मग येऊ नका, आहे ते औषध चालू ठेवा.

पाठवायच्या आधी एकदा उघडून का नाही पाहिलं मी?

बाबा परत संत्रं सोलत बसले. मी किल्ली द्यायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, "राहू दे तुह्यापाशीच."