चौथ्या वाडग्यातलं सूप

एडिनबरा,
१९ ऑक्टोबर

प्रिय इना मावशी,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? इकडे थंडी पडायला लागलीय. माझ्या वर्गातली निम्मी पोरं नाकं ओढत बसलेली असतात. बाकी ठीक.

काय मूर्खासारखं विचारतेय! गुडघा कसा आहे ते परवा मी डोळ्यांनी पाहिलं. ट्रे घेऊन लंगडत आलीस आणि मी जागची हलले नाही.

एखाद्या शांत बंदरावर जाऊन अस्सल जुनं जेवण जेवायचं, ही ॲलस्टरच्या आईची, माझ्या होणाऱ्या सासूची, मिसेस प्रिंगलची हौस. नेमकं आपलंच गाव, तुझीच खानावळ त्यांनी निवडली. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. त्यांना मी काय सांगून ठेवलंय ते तुला आता कळलंच आहे. आईबाप गेले, मागे कुणी नाही. त्या वकिलांच्या घरात लग्न करून जायचं, तर माशांना धुरी देणाऱ्या बाईने मला वाढवलं हे सांगायची लाज वाटली. मग एका थापेपायी दुसरी.

दारात आम्हा चौघांना, ॲलस्टर, त्याचे आईवडील आणि मला, बघून तुझा चेहरा फुलला. तू काही बोलायच्या आत मी घाईघाईने म्हणाले, "आम्ही इथे पहिल्यांदाच येतोय." वर निर्लज्जासारखं फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कलन स्किंक म्हणजे काय असतं?"

"धुरी दिलेला हॅडक मासा, बटाटा, कांदा, दूध," तू म्हणालीस. "गरिबाघरचं सूप आहे, मॅडम. तुमच्या घशाखाली उतरेल की नाही कोण जाणे."

माझ्या डोक्यातल्या उवा काढणारी तू, मला मॅडम म्हणालीस.

तू वाडगे मांडत होतीस तेव्हा मिसेस प्रिंगलनी विचारलं, "सॅमन नाही ठेवत?" आठ वर्षं शहरात काढून काय उपयोग गं? ते नाव ऐकलं आणि माझा हात आपसूक टेबलाच्या लोखंडी पायाकडे गेला. तुझा शेगडीच्या कठड्याकडे गेला. एकाच वेळी.

"हे काय केलंत दोघींनी?" त्या हसल्या.

"बोटीवरच्या माणसांचं खूळ. त्या माशाचं नाव घेतलं की समुद्र चिडतो, म्हणून लोखंडाला हात लावायचा," तू म्हणालीस. "या मॅडमचा रुमाल पडला असेल."

माझी थाप तू सावरून घेतलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी तुला विचारलं, "मुलंबाळं?" तू थांबलीस. मला वेळ दिलास, मावशी, मला कळलं ते. मी वाडग्यात बघत राहिले.

"एक पोर वाढवली," तू म्हणालीस. "बरं चाललंय तिचं."

तेव्हा मला दिसलं. चारांपैकी तीन वाडग्यांवर पार्सली होती. माझ्यात एक पान नव्हतं. लहानपणी 'सशाचा पाला' म्हणून मी बोटाने काढून टाकायची आणि तू "महाराणी आल्या!" म्हणून ओरडायचीस. परकी म्हणून मी तुझ्या दारात उभी राहिले, तरी आत जाऊन तू तेवढं लक्षात ठेवलंस. सूप संपवलं. तुझ्यासमोर टाकायची हिंमत नव्हती.

परतताना गाडीत सगळं सांगितलं. ॲलस्टर अजून नीट बोलत नाही. त्याच्या आई एवढंच म्हणाल्या, "अगं, मग मला त्यांची गळाभेट तरी घेऊ द्यायचीस!" म्हणजे थापेची गरजच नव्हती. ते जास्त झोंबलं.

शनिवारी येतेय, एकटी. आपल्याकडे पुढच्या दाराने परके येतात, म्हणून मागच्या दाराने येईन. कडी लावलेली असली तर समजेन. नसली, तर आधी पोटभर शिव्या घाल, मग सूप वाढ. पार्सली मूठभर घाल, मी खाईन.

तू वाढवलेली पोर, जिचं बरं चाललेलं नाही,
लोर्ना