चार बोटांचं पाऊल

४ जानेवारी १९३२

आलो एकदाचा! वही पनवेलात घेतली. चौथीनंतर आज पहिल्यांदा काही लिहितोय. खाडी रोज दोनदा भरते नि दोनदा रिकामी होते, हे पाहूनच मी येडा झालो. आमच्या रावेरला पाणी गेलं की गेलं. काम सोपं आहे. कोण्या साहेबानं बांधाचा चिखल धरून राहावा म्हणून परमुलखातून गवत आणलं, ते सगळ्या खाडीत माजलं. मासळीची जागा गेली, मिठागरं गेली. ओहोटीला उतरायचं, मुळासकट खणायचं, पाटीत भरून बांधावर जाळायचं. केळीचे कंद काढलेला हात माझा. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढं.

७ जानेवारी

मुकादम धाकू म्हात्रे, साठीचा म्हातारा. संध्याकाळी बांधावर बसून प्रत्येकाचे पाय स्वतः धुतो, नखांत काडी घालून बघतो. मुळाचा तुकडा बाहेर जाता कामा नये. माझ्या डाव्या पायाला करंगळी नाही, लहानपणी कुदळीनं गेली. धाकूबाबा म्हणाला, रावेरकर, तुझ्यापायी मला मेहनत कमी. सगळे हसले, मीही हसलो.

घरी कार्ड टाकलं की मी मुकादम झालो. काय करणार, जीवरामभाऊशी भांडून निघालो. तू कुठंच टिकणार नाहीस म्हणाला होता.

१९ जानेवारी

हे गवत खाऱ्या पाण्यात, भर उन्हात हिरवंगार. आमच्याकडं चैत्रात म्हशीला काडी नसते. डोक्यात आलं नि राहवेना. गावाकडचा भिकन बहिणीच्या लग्नाला निघाला होता. मूठभर मुळं ओल्या फडक्यात बांधून त्याच्याजवळ दिली. सोबत चिठ्ठी, साहेबानं खूश होऊन बक्षीस दिलं, विहिरीच्या पाटाला लावा.

मुळं कमरेला खोचून बाहेर काढली. धाकूबाबा तेव्हा खाली वाकून माझे पाय धूत होता.

१२ फेब्रुवारी

भाऊचं कार्ड. तुह्यं गवत लागलं, लोक पाह्यले येतात. म्हैस मात्र तोंड लावत नाही. माय म्हणते, माह्या सुकदेवनं नाव काढलं.

दोनदा वाचलं. मग वहीत लपवलं.

२० फेब्रुवारी

आज खणताना कुदळ दगडावर लागली. जातं निघालं. शेजारी चूल, चुलीच्या तोंडात गवताची मुळं. धाकूबाबाला हाक मारली. तो चिखलात खालीच बसला. म्हणाला, हे माझ्या भावाचं घर. फुटका बांध धरेल म्हणून बावीस वर्षांपूर्वी साहेबाच्या भाऱ्यातून गवत धाकूबाबानंच चोरून भावाला आणून दिलं होतं. ते पावलापावलानं दारापर्यंत आलं. मग एका दुपारी धाकूबाबा कामावर असताना शेजारी येऊन म्हणाले, धाकू, तुला आत्ताच भावाच्या घरात जाताना पाहिलं. दार आतून लावलेलं. फोडलं तर आत नुसतं गवत. भाऊ नाही, भावजय नाही, पोरं नाहीत.

म्हणून पाय धुतो, म्हणाला.

मला त्याच्याकडं बघवेना.

२१ फेब्रुवारी

कार्ड घेतलं. लिहिलं, गवत उपटा, जाळा. का म्हणून विचारतील. चोरीचं आहे हे लिहावं लागेल. मुकादम नाही हेही. भाऊ गावभर हसेल.

फाडलं.

१ मार्च

भाऊचं कार्ड. पाटावरचं गवत अंगणात आलं. मधे मोकळी जागा सोडून, पावलं टाकल्यासारखं. सुगंधावहिनी उपटायला गेली तर माय आडवी झाली. डाव्या पावलाला चारच बोटं हायेत म्हणे. माह्या लेकाचे पाय हायेत, कोणी हात लावू नका. रोज तांब्याभर पाणी घालते.

२ मार्च

धाकूबाबाला सांगायला गेलो. तो म्हणाला, पाय पुढं कर. धुतले. नखं बघितली. शाबास म्हणाला.

तसाच परत आलो —

५ मार्च

लिहिलं. सगळं. चोरी, खोटं मुकादमपण, जातं, चूल. मायला घेऊन आजच्या आज घर सोडा. पेटीत टाकलं. वाटलं होतं, हलकं वाटेल —

नाही वाटत.

११ मार्च

भाऊचं उत्तर. जसंच्या तसं उतरवतो.

"तुह्यं कार्ड बुधवारी आलं. तू तर मंगळवारीच दुपारी आला, मग कार्ड कशाले? पाय सारखे ओले. ताटाले हात लावत नाही, बोलत नाही. कार्ड वाचून दाखवलं तरी मान खाली. माय म्हणते, पोरगं लाजलं, रागावू नका, दार लोटून घ्या, गावानं पाह्यले नको."

मंगळवारी मी खाडीत होतो.

त्याच दिवशी — तारघरात

ओळीत उभा राहून लिहितोय. तारबाबू मजकूर मोठ्यानं वाचतो, सगळे ऐकतात. पुढं जा म्हणून एकाला वाट दिली. मग आणखी एकाला — तिसऱ्यालाही —

आता मागं कोणी नाही. बाबू विचारतो, मजकूर काय —

मजकूर — मायला बाहेर काढा — दार उघडा — तो मी नाही —