हिरव्या साबणाने धुतलेली लोकर

हेल्लेविक, मे महिना, वारा पश्चिमेचा

प्रिय बोर्गहिल्डताई,

धाकट्या भावाचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? बर्गनला पाऊस असणारच, तो विचारत नाही. मी ठीक आहे. खोकला गेला होता, परत आला, पण आता त्याची सवय झाली आहे. स्टोव्ह विझवल्याशिवाय मी झोपत नाही आणि खरंच विझवला का हे बघायला पुन्हा उठतो, त्यामुळे व्यायामही होतो. तू अजिबात काळजी करू नकोस, आणि मुख्य म्हणजे इकडे यायची घाई करू नकोस. फेरीबोट हल्ली फार हलते म्हणतात.

बंदरावर जे घडलं ते तुला कुणीतरी तिखटमीठ लावून कळवेलच, म्हणून म्हटलं, त्याआधी आपणच लिहावं. (शाळा मी अर्ध्यावर सोडली, तेव्हा चुका सांभाळून घे. लहानपणीही तूच सांभाळून घ्यायचीस.)

नाताळात तुझ्या घरी ठरलं ते मी विसरलेलो नाही. माझ्या मेंढ्यांच्या लोकरीला कुणी विचारत नसेल तर मेंढ्या विकायच्या आणि मी तुझ्या मागच्या खोलीत राहायला यायचं. खोली चांगलीच आहे. खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. आणि लोकरीबद्दल तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. या रानटी जातीची लोकर राठ, गिरणीवाले तिला हात लावत नाहीत, आणि मी ती गोठ्यामागे पुरत आलो. पुरताना मेंढ्या कुंपणापाशी येऊन बघत उभ्या राहायच्या. मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

मग तुझी नात गुनवोर ओड्मुंडच्या बोटदुरुस्तीच्या कारखान्यात लागली आणि माझ्या माडीवर राहायला आली. तिथे इंजिनं धुतात, आणि ते काळं तेलकट पाणी साफ केल्याशिवाय समुद्रात सोडलं तर धुणं बंद करू, अशी नगरपालिकेने ओड्मुंडला तंबी दिलेली. गुनवोरने काय करावं? लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडली, त्यांत माझी लोकर ठासली आणि म्हणाली, हीच गाळणी. म्हणे ही लोकर पाण्याला जवळ करत नाही, आणि तेल एकदा धरलं की सोडत नाही. "तुमच्यावरच गेलीय आजोबा, हट्टी!" असंही म्हणाली. (हे तिने तुझ्याकडून उचललं आहे.) पण ताई, एका बादलीवर करून बघितलं तेव्हा खरंच वरून काळं घातलं आणि खालून निवळ आलं. मी बराच वेळ त्या बादलीकडे बघत बसलो. नगरपालिकेच्या बाईंनी येऊन पसंत केलं की ओड्मुंड दर वर्षी सगळी लोकर घेणार, म्हणजे मेंढ्या राहणार, म्हणजे मीही राहणार.

आता तूच सांग. नगरपालिकेची बाई येणार, आणि तिच्यापुढे आपल्या घरची लोकर काट्याकुट्यांसकट, लेंड्यांसकट ठेवायची? घराबाहेर जाणारी लोकर धुऊनच जायला हवी, हा आईचा नियम. एकदा तू धुतलेली लोकर तिने हात फिरवून बघितली आणि परत धुवायला लावली, तेव्हा तू किती रडली होतीस. मी गेल्या कातरणीची, पुरायची राहिलेली गोठ्यातली पोतीच्या पोती न्हाणीतल्या टबात रिकामी केली, हिरव्या साबणाने धुतली, मनाला शंका आली म्हणून परत धुतली, आणि सुवास राहावा म्हणून शेवटचा साबण फारसा काढला नाही. कुंपणावर वाळत घातली तर सगळं कुंपण फुललं. ओड्मुंड रस्त्यावरून ओरडला, "टोर्लाइफ, लग्न कुणाचं काढलंस रे?" गुनवोरला मी काही बोललो नाही. तिला चकित करायचं होतं. (झाली.)

बाई आल्या त्या दिवशी गुनवोर त्यांना आणायला फेरीबोटीच्या धक्क्यावर गेली, आणि पिंपं मी आणि ओड्मुंडने भरली. बाई गंभीर, उंच बुटांतल्या, गळ्यात गोंड्यांचा मफलर. ओड्मुंडने तोटी उघडली. आधी काहीच झालं नाही. मग पहिल्या पिंपाने उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि वरून फेस आला. मग सगळ्याच पिंपांतून आला. फेस बंदरावर उतरला, दोरखंडांवर चढला, एक सीगल चालत त्याच्यात शिरला आणि त्याचं फक्त डोकं दिसायला लागलं. पाणी जेवढं घाण आत गेलं होतं तेवढंच घाण खालच्या टाकीत आलं, वर साबणाचा वास. (नशीब, ते टाकीतच अडवलं होतं, समुद्रात नाही गेलं.) ओड्मुंड म्हणाला, "अरे बाबा, इंजिनं धुवायची होती, बंदर नाही!"

गुनवोरने चिमूटभर फेस घेऊन हुंगला. "आजोबा, हा हिरवा साबण आहे?"

मी म्हटलं, "चांगल्यातला आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की लोकरीच्या अंगचा जो तुपकटपणा मी धुऊन टाकला, तोच तेलाला ओढून घेत होता, आणि राहिलेल्या साबणाने तेल पाण्यात मिसळून पुढे ढकललं. मी विचारलं, म्हणजे आईचं चुकलं का? तर म्हणाली, "पणजीचं बरोबरच होतं हो, पण तिला मोजे विणायचे होते."

मी दोरखंडावर बसलो. मला तुझी मागची खोली दिसायला लागली. समोरच्यांची खिडकीसुद्धा.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, न धुतलेली लोकर गावात कुठेच नाही का? मी म्हटलं, आहे, पण ती टेकडीवर चरते आहे. मला वाटलं त्या हसतील. त्या निघाल्याच टेकडीकडे. आमची म्हातारी मेंढी, जी मलाही जवळ येऊ देत नाही, ती ओड्मुंडने कोपऱ्यात घेतली आणि बाईंनी तिचं डोकं धरलं. मेंढीने मफलरचा एक गोंडा खाल्ला. कात्री आधी मी घेतली, मग गुनवोरने घेतली. (वारा फार होता.) तेवढ्या लोकरीत एकच पिंप भरलं. नवं तेलकट पाणी त्यातून सोडलं, आणि खाली बरणी धरली तर ताई, बरणीतून पलीकडची टेकडी दिसली, आणि तिच्यावर ती बोडकी मेंढी रुसून उभी होती तीसुद्धा दिसली.

बाईंनी तपासणीसाठी एका बाटलीत पाणी घेतलं आणि मत काही दिलं नाही. पण ब्राउन चीज घालून वॅफल दिलं ते खाल्लं, आणि आणखी मागून घेतलं. माणूस नापास करणार असेल तर आणखी मागेल का? तू काय म्हणतेस?

निकाल अजून यायचा आहे. वाईट आला तर मी मुकाट्याने पेटी भरीन आणि तुझ्याकडे येईन, कुरकुर करणार नाही. (फार करणार नाही.) गुडघ्यांना ऊब दे. बाकी इथे सगळं उत्तम आहे, कुणी येण्याची काही गरज नाही.

तुझा धाकटा,
टोर्लाइफ

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात गुनवोर टेकडी चढत धावत आली. पास! ओड्मुंडला सगळ्या मेंढ्यांची लोकर हवी आहे, न धुता. "लेंड्या तेवढ्या काढ, राजा," एवढंच म्हणाला. तेव्हा तुझी मागची खोली एखाद्या विद्यार्थ्याला देऊन टाक. मेंढ्यांना मी सांगितलं. म्हातारी अजून बोलत नाही.

ता. क. मेंढी कातरली तेव्हा वारा नव्हता. हात थरथरतात, ताई. कात्री कानाजवळ नेली तेव्हा म्हातारीने माझ्याकडे बघितलं, आणि मी ती खाली ठेवली. गुनवोर कुणाला बोलली नाही, पण ती कारखान्यात असते, आणि एवढ्या मेंढ्या कातरायच्या आहेत. माझे गुडघे अजून चांगले आहेत आणि तुझे हात. मी मेंढी धरीन, तू बसून कातर. दोघांचं मिळून एक माणूस होईल. फेरीबोट अजिबात हलत नाही, ते मी उगाच लिहिलं. आईची कात्री तुझ्याकडे आहे, ती घेऊन ये.

ता. क. धुतलेल्या लोकरीचं काय करायचं हा प्रश्न होता. स्टोव्हजवळच्या खोलीत तुझ्यासाठी गादी भरली आहे. साबणाचा वास अजून येतो. आईने हात फिरवून बघितली असती, तर या वेळी परत धुवायला लावली नसती.