पडद्याला दुहेरी अस्तर

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी छान आहे. गटनेत्यांच्या कचेरीत मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय आणि साहेब सगळ्यांसमोर मला पदवीधर म्हणून हाक मारतात. आपल्या घरातलं माणूस कायदा लिहितंय, या आनंदात मी दोन दिवस नीट जेवले नाही.

कायदा असा आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक सभागृहात, दवाखान्यात, वाचनालयात बायका आणि पुरुष यांच्यामध्ये पडदा हवा, आणि बायकांनी संध्याकाळी पाचला तिथून निघावं. मागणी सदाचार मंडळाची. मंडळाच्या उपदेशकांना मी अदबीनं विचारलं, की हे कुठल्या ग्रंथात आहे. ते म्हणाले, ग्रंथात नसलं तरी ग्रंथाच्या मनात आहे. मंडळाची इमारत पडद्याच्या कापडाची गिरणी असलेल्या शेठजींनी बांधून दिली आणि आमच्या पक्षाच्या निवडणुकीचा भारही त्यांनीच उचलला. ते इतके धर्मनिष्ठ आहेत, की कलमं स्वतः तोंडी सांगतात, पडद्याच्या लांबी-रुंदीसकट. मला जरा खटकलं. पण साहेब म्हणाले, मोठी माणसं बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालतात.

पहिला पडदा शेठजी आमच्या सभागृहालाच भेट देणार आहेत, मतदानाच्या दिवशी, फोटो काढून. आठवडाभरात शिवून देणारं कुणी आहे का, असं साहेबांनी विचारलं आणि मी अभिमानानं तुझं नाव सांगितलं. कापड निघालंय.

लोभ असू दे, आणि शिलाई नेहमीसारखी सरळ असू दे.
तुझी भाची

८ जून

चि. पदवीधरबाई हीस,
अनेक आशीर्वाद.

कापड पोचलं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा बसून.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. हसू नकोस. गेल्या वर्षापासून मी रोज सहाला दुकान बंद करून वाचनालयात जाते. शालान्त परीक्षेचा अर्ज भरलाय. निवृत्त पोस्टमन मला गणित शिकवतात. माझी गाडी भागाकारात रुतते, ते मागून ढकलतात. तुझ्या वडिलांना वाटतं मी गुडघ्यांसाठी फिरायला जाते. वाचनालयाच्या पायऱ्या चढून गुडघे दुखतातच, म्हणजे अगदीच थाप नाही.

आता तुझा कायदा झाला, की पाचला बाहेर. दुकान सहाला बंद होतं, म्हणजे माझं जाणंच संपलं. परीक्षा सप्टेंबरात आहे. पोस्टमनांनी पडद्यापलीकडून त्रैराशिक कसं शिकवायचं, तेवढं शेठजींना विचारून कळव.

पडदा शिवून देते. शब्द तू दिलास, तो मोडायची नाही. तुझ्यावर रागावलेली नाही. पण खूश आहे असंही समजू नकोस.

लोभ आहे, वाढायचा की कसं ते तुझ्यावर.
तुझी आत्या

११ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कचेरीच्या जिन्यात बसून रडले. शिपाईकाकांना वाटलं, मला टाइपिंग जमत नाही.

साहेबांना सांगितलं, की माझ्या आत्याची परीक्षा आहे, निदान वाचनालयं तरी वगळा. ते म्हणाले, आत्या प्रत्येकाला असते, शेठजी एकच आहेत. उपदेशकांना फोन केला. ते म्हणाले, बाईला भागाकाराची गरज काय, तिला वाटून द्यायची सवय असतेच.

आमच्याकडे मतदान कसं होतं, तेही आता कळलं. सदस्य मसुदा वाचतच नाहीत. साहेबांनी चष्मा घातला की हात वर, काढला की हात खाली. मागे ऐन मतदानात साहेबांना शिंक आली, चष्मा नाकावरून निसटला आणि एक पूल रद्द झाला. तिथले लोक अजून होडीनं ये-जा करतात.

मंगळवारी मतदान आहे. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. पण बाबा माझ्या नोकरीबद्दल शेजाऱ्यांना रोज सांगतात, ते आठवलं की पर्स उघडवत नाही.

लोभ कमी करू नकोस, मी कमी पडले तरी.
तुझी भाची

१३ जून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पडदा आजच्या गाडीनं पाठवलाय. तुमच्या शेठजींचं ते कापड म्हणायचं की कांद्याचा पापुद्रा? ताणून धरलं, तर पलीकडे बसलेलं गिऱ्हाईक मिशी पिळताना दिसत होतं. गिरणीचा माणूस म्हणाला, आहे तसंच शिवा. मी म्हटलं, माझ्या दुकानातून आरपार दिसणारी वस्तू फक्त मच्छरदाणी म्हणून जाते. कोटाचं जाड काळं कापड पडून होतं, त्याचं दुहेरी अस्तर लावलं. कायदा कसाही असो, काम चोख हवं.

राजीनामा फाडून टाक. माझ्यापायी तुझी नोकरी गेली, तर पास होऊन मी तोंड कुणाला दाखवू? अभ्यास घरी करीन. घरीही दिवा आहे. पोस्टमन नाहीत, इतकंच.

लोभ आहेच, उगाच मोजत बसू नकोस.
तुझी आत्या

१७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हेही बसूनच वाच.

सभागृहाच्या मधोमध पडदा टांगला. अस्तर पाहून शेठजी चपापले, पण उपदेशकांनी सदाचार असाच भक्कम हवा म्हणून वाखाणल्यावर त्यांनी पडद्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. साहेब अर्थातच उजवीकडे, चष्म्यासकट.

मतदान पुकारलं आणि आमच्या पक्षाच्या एकवीस सदस्या पडद्याकडे बघत बसल्या. पलीकडून साहेब खोकले. पण खोकल्याचा अर्थ आधी ठरलेला नव्हता. मी कागद घेऊन बायकांच्या बाजूला उभी होते. पहिल्या रांगेतल्या सुईणबाईंनी, त्या सदस्य होण्याआधी तीस वर्षं बाळंतपणं करत होत्या, मला विचारलं, की चष्मा कुठे आहे ग? साहेबांची चिठ्ठी तेवढ्यात माझ्या हातात पडली होती. तीत लिहिलं होतं, घातलाय म्हणून सांग. आत्या, मी ती चिठ्ठी मुठीत दाबली. मी म्हणाले, मला इथून चष्मा दिसत नाही, पण मसुदा माझ्याकडे आहे. तीनच पानं आहेत.

त्यांनी वाचला. सुईणबाईंनी पाचचं कलम मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, सभागृह आठपर्यंत चालतं, मग पाचनंतर आमची मतं कोण देणार, शेठजी? आणि बाळं पाचच्या आत येतात, हे त्यांना कुणी सांगितलं? एकवीसही हात विरोधात गेले. तो गलका ऐकून साहेबांनी घाबरून चष्मा काढला, तर पुरुषांचे वर गेलेले हातही खाली आले. कायदा पडला.

चिठ्ठी दाबली म्हणून मला संध्याकाळी काढून टाकलं. आरोप खरा आहे. कायदा लिहायला आले होते, वाचायला देऊन निघाले. बाबांना सांगायचं धाडस झालेलं नाही. पुढच्या शनिवारी घरी येते.

लोभ असावा, सध्या माझ्याकडे तेवढंच आहे.
तुझी भाची

२० जून, वाचनालय, संध्याकाळचे सात

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांना मीच सांगितलं. नोकरी गेली म्हटल्यावर त्यानं हातातला पेपर खाली ठेवला. का गेली ते सांगितल्यावर चपला घालून शेजाऱ्यांना सांगायला गेला. बोलता बोलता माझी परीक्षाही बाहेर पडली. म्हणाला, तरीच तुझे गुडघे बरे होईनात.

आता ऐक. इथल्या सदाचार मंडळाच्या शाखाप्रमुखांच्या बाई काल सहाला इथे आल्या. त्याच, गेल्या महिन्यात घरोघर तुमच्या कायद्याची पत्रकं वाटत होत्या. वही पिशवीत, पिशवी शालीत. माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाल्या, की नकाशा वाचायला शिकायचंय. तीस वर्षं नवरा नेईल तिथे गेले, एकदा तरी मी कुठे आहे ते बघू दे.

पोस्टमनांना आपल्या टपाल हद्दीपलीकडचा भूगोल येत नाही. म्हणून मी बाईंना तुझं नाव सांगून टाकलं. शनिवारी सामान घरात टाक, हातपाय धू आणि सहाला थेट इकडे ये. उशीर करू नकोस. त्या साडेपाचलाच येऊन बसणार आहेत.

लोभ पूर्वीचाच, धाक थोडा जास्त.
तुझी आत्या