बाबांच्या चारही साखळ्या

प्ल्येव्ल्या, ५ डिसेंबर

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे, लोकरीचे मोजे दोन-दोन घालते. बर्फ गुडघाभर आहे, तरी गुरं तपासायला वरच्या वाड्यांवर जावंच लागतं. बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्यांचं तुला मागे लिहिलंच होतं. तो दुकानदार रादोये बारीक कड्यांची जोडी माझ्या गळ्यात मारत होता. "डॉक्टरबाई, सगळं गाव हीच नेतं!" मी विचारलं, "मग तुमच्या जीपला जाड कड्यांच्या कशाला?" नुसता हसला मेला. मी तशीच परतले.

आज बसच्या ड्रायव्हरने तुझी पिशवी दिली. चीज छान आहे. पण खाली बाबांच्या साखळ्या निघाल्या, तेल लावून पुसलेल्या, चारही. त्यांची आणि माझी गाडी एकाच बनावटीची, निवा, त्यामुळे फिट्ट बसल्या.

आई, खरं सांग, बाबांची तब्येत बरी आहे ना? दर नोव्हेंबरात मित्रोवदानच्या सणाला अंगणात या साखळ्या चढवून बघितल्याशिवाय बाबा जेवायला बसत नाहीत. सख्ख्या मामाने मागितल्या, तरी दिल्या नव्हत्या. तू लिहितेस, ते रोज गाडी घेऊन मेंढ्यांना चारा घालायला वर जातात. तिकडे तर इथल्याहून जास्त बर्फ आहे. मग चाकांना काय लावतात?

आणि पिशवीची गाठ तुझ्या हातची आहे, त्यांच्या नाही.

शनिवारच्या बसने बाबांच्या हातच्या दोन ओळी पाठव. नाही आल्या, तर रविवारी त्यांच्याच साखळ्या चढवून मी दारात उभी राहीन.

तुझी,
मिलेवा