न विचारता फोडलेली सुपारी

राहाता,
बुधवार, १२ मे १९७१

चि. पुष्पावतीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. विहिरीला पाणी टिकून आहे. गाय परवा व्याली, कालवड झाली. तुझी आई सकाळपासून कुरडया घालते आहे, आणि कावळे हाकायला मी बसत नाही म्हणून दोनदा माझ्यावर ओरडून झाली.

हे वाचून तू गोंधळशील. शनिवारी मी कार्ड टाकलं होतं, आई अंथरुणाला खिळली आहे, परीक्षा संपताच निघून ये. आई ठणठणीत आहे. ते मी खोटं लिहिलं. का लिहिलं ते सांगणार आहे, पण सरळ तिथं यायला हात धजत नाही, म्हणून आधी दुसरं लिहितो.

रविवारी बाजारतळावरच्या तंबूत सिनेमा पाहिला. आईचा हट्ट होता. मी देवादिकांचे सोडून कुठलाच पाहिलेला नाही, तुला माहीत आहे. बायका दोरीच्या पलीकडे, आम्ही अलीकडे पोत्यावर. उन्हाळ्याच्या सुटीत पाच मित्रमैत्रिणी एका जुन्या जीपमधून निघतात, एवढीच गोष्ट. जीप घाटात बंद पडते, ते ढकलतात, हसतात, धर्मशाळेत भात शिजवतात. त्यातल्या एका मुलाचा आणि मुलीचा जीव जडतो. सुरुवातीला मी खाली मान घालून माळ ओढत होतो. मग तुझं पत्र आठवलं.

शिमग्याआधी आलेलं तुझं पत्र. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही कॉलेजची सहा जणं भंडारदऱ्याला गेलात, राजूरच्या पुढे एस.टी. बंद पडली, तुम्ही चालत निघालात, आणि तुमच्यातल्या पाथर्डीकडच्या गोरक्षनाथानं वाटभर सगळ्यांच्या पिशव्या वाहिल्या. लग्न केलं तर त्याच्याशी, पण दादा, तुम्ही नाही म्हणालात तर थांबेन, असं लिहिलं होतंस. मी उत्तर दिलं नाही. त्याचे आईबाप आपल्याच भागात ऊस तोडायला येतात, एवढंच मला दिसलं.

तंबूत माझ्याशेजारी भीमा नावाचा एक तोडणीवालाच बसला होता. हंगाम संपवून गावाकडे परत निघालेला. मध्येच मला म्हणाला, "बुवा, ह्या पोरीचा बाप कुठं हाय वो? एकदाबी दाखविला न्हाई."

मी म्हटलं, "घरी असेल."

"घरी कशाचा! जीपमधीच बसलाय तिच्या. बगा की, हसली का लगेच मागं वळून बगती. लई भ्याली हाय पोरगी."

पुढचा सिनेमा मला नीट दिसला नाही.

आता लिहितो. चैत्रात मी तुझी सुपारी फोडली. पुणतांब्याच्या सूर्यभानरावांच्या थोरल्याशी. पाच माणसांत सुपारी फुटली की लग्न ठरलं, आणि तुला त्यातलं अक्षर कळवलं नाही. ज्येष्ठातली तिथी धरली होती. तू घरी आलीस की मांडवातच उभी करायची, असं मी आणि बन्सीकाकानं ठरवलं होतं. कार्ड त्यासाठी होतं. गळ्यात माळ असताना मी तुझ्या आईला कागदावर आजारी पाडलं.

तंबूतून परतताना ती एवढंच बोलली, "माझं दुखणं कधी बरं करताय?"

काल पुणतांब्याला गेलो. त्यांनी दिलेलं लुगडं आणि नारळ परत नेला. फुटलेली सुपारी परत करता येत नाही, म्हणून त्याच पाच माणसांना बोलवायला लावलं आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो.

सूर्यभानराव म्हणाले, "माळकरी म्हणून तुमचा शब्द घेतला. पोरीत काही खोट हाय का?"

"खोट माझ्यात आहे. जो शब्द तिचा होता, तो मी तिला न विचारता दिला."

"मग आता गावाला काय तोंड दाखवू?"

"माझं नाव सांगा. कुणीही विचारलं तरी माझंच सांगा."

त्यांनी पाणीही विचारलं नाही. ते बरोबरच होतं. बन्सी आज सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. भावकीतले आणखी चारजण बोलायचे थांबतील. थांबू देत. देवापुढे बसलो तेव्हा बऱ्याच दिवसांनी चित्त ठिकाणावर होतं.

गोरक्षनाथाच्या आईबापांकडे मी जायला तयार आहे. ते गावच्या घरी असोत की उसाच्या रानातल्या पाचटाच्या कोपीत, मुलीच्या बापानं जसं जायचं तसं, टोपी घालून, आईला बरोबर घेऊन जाईन. आज निघालो असतो, पण पुन्हा तुला न विचारता निघालो, तर कालचं सगळं वाया गेलं. तुझं मन त्या पत्रानंतर बदललं असेल, तर तसं लिही. सूर्यभानरावांकडे मी परत वळणार नाही, आणि तुला कुणाकडे ढकलणारही नाही.

पेपर मन लावून दे. मग सावकाश ये.

बापानं लेकीची माफी मागायची रीत आपल्या घरात नाही. मी मागतो आहे. तुझ्या होकाराशिवाय या उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारा,

तुझा दादा
कानिफनाथ